वामकुक्षीचा डोंगर

माझी नोकरी काय होती, हे मला चारचौघांत कधीच धड सांगता आलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात नव्याने सिंगापूरला आलेले एखादे गृहस्थ, बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावरचे, मोदकाची डिश सांभाळत चौकशी करायचे, "आपण काय करता?" मी सांगायची, "सुमो पहिलवानांच्या नावांचे अर्थ सांगते." ते मनापासून हसायचे, मोदक संपवायचे आणि मग विचारायचे, "नाही, पण नोकरी कुठे?"

तर हीच नोकरी. तांजोंग पगारला आमची एक लहानशी कंपनी होती. जपानहून सुमोचं थेट चित्रण यायचं, त्याला इंग्रजी आणि हिंदी समालोचन जोडून आम्ही ते आसपासच्या देशांतल्या चॅनेलांना पुरवायचो. मी पुण्यात जपानी शिकले होते. पुण्यात जपानी शिकणं तेव्हाही नवलाचं नव्हतं, आमच्या एकट्या सोसायटीत तिघी होतो. त्या दोघी मोटारींच्या कारखान्यांत दुभाषी झाल्या. मी नवऱ्यामागोमाग सिंगापूरला आले आणि पहिलवानांत पडले.

सुमोचं आपल्याला अगदीच परकं वाटायचं कारण नाही. आखाडा आहे, तालीम आहे, वस्ताद आहे. मुलगा साधारण पंधराव्या वर्षी वस्तादांच्या तालमीत दाखल होतो, तिथेच राहतो, केस वाढवून शेंडी बांधतो आणि घरचं नाव सोडतो. वस्ताद त्याला नवं नाव देतात. पुढे तो बाजारात भेटला, दवाखान्यात भेटला तरी लोक त्याला त्याच नावाने ओळखतात. तालीम सोडताना समारंभाने शेंडी कापतात आणि त्या दिवशी ते नावही तालमीला परत जातं.

बहुतेक नावं भारदस्त असतात. अमुक डोंगर, तमुक समुद्र, कुठला तरी वारा, कुठला तरी ड्रॅगन. मला मात्र जीव होता तो बाकीच्या नावांवर. एकाच्या वडिलांचा कोंबड्यांचा धंदा होता, म्हणून तो 'अंड्याचा डोंगर'. एकाचं नाव 'पुढच्या वेळी जिंकेन' असं होतं आणि तो शब्दाला इतका पक्का होता की या वेळी कधीच जिंकला नाही. उत्तरेकडच्या एका खेड्यातलं रेल्वे स्टेशन बंद पडलं, तेव्हा गावकऱ्यांनी वस्तादांचे पाय धरले की आमच्या पोराला निदान स्टेशनचं नाव द्या. तो पोरगा चांगला निघाला. ज्या गावात गाडी थांबत नव्हती, त्याचं नाव दर दोन महिन्यांनी टीव्हीवर घुमायला लागलं.

स्पर्धेच्या आधी क्रमवारीचा मोठा कागद यायचा, सगळा कुंचल्याने लिहिलेला. वरच्या पहिलवानांची नावं जाड, ठसठशीत. खाली उतरावं तसं अक्षर बारीक होत जातं. शेवटच्या ओळीतल्या मंडळींना जपानी लोक 'भिंग'च म्हणतात, कारण भिंग लावल्याशिवाय ती दिसत नाहीत. मी तो कागद घेऊन बसायची आणि प्रत्येक नाव कसं उच्चारायचं, त्याचा अर्थ काय, कुणी का दिलं, हे समालोचकांना लिहून द्यायची. आमचे हिंदी समालोचक लालवानी मला ऑफिसातल्या नावाने, म्हणजे 'मे' म्हणून हाक मारायचे. "मे, आज कोई मज़ेदार नाम है क्या? नहीं तो मैं क्या बोलूँ, दो आदमी धक्का मार रहे हैं, बस?" मी नाव द्यायची, लालवानी त्यावर पाच मिनिटं काढायचे. आमच्या भागीदारीवर चॅनेल चाललं असं मी म्हणणार नाही, पण लालवानी म्हणायचे.

अशाच एका कागदाच्या तळाशी मला हिरुनेयामा सापडला.

हिरुने म्हणजे दुपारची झोप. यामा म्हणजे डोंगर. वामकुक्षीचा डोंगर! पुण्याच्या बाईला याहून आपलं वाटेल असं नाव जगात कुठे मिळणार? मी एकटीच खुर्चीत हसत बसले. नाव का दिलं म्हणून तालमीत फोन केला तर उत्तर आलं, "पहिल्याच दिवशी जेवून झोपला म्हणून." सुमोत जेवण झाल्यावर झोपायचंच असतं, त्याशिवाय अंग धरत नाही. पण पहिल्या दिवशी नवा मुलगा बिचकून बसतो, आणि हा भिंतीला टेकून घोरला. लालवानींना मी अर्थ दिला: जेवला की आडवा होणारा. त्यांनी तो पुढची कित्येक वर्षं पुरवून खाल्ला.

सुधीर, म्हणजे माझा नवरा, गेला त्या वर्षीपासून मी ऑफिसला फार लवकर जायला लागले. यिशुनच्या फ्लॅटमध्ये सकाळ सरत नसे. त्याचा चहाचा कप काढून ठेवला तर कपाट वेगळंच दिसे आणि बाहेर ठेवला तर ओटा. मुलगा व्हँकूव्हरला. तो फोनवर म्हणायचा, "आई, यू कम हिअर लाह, व्हॉट यू डूइंग देअर अलोन?" लहानपणापासून सिंगापुरात वाढलेल्या मुलाची माया अशीच असते, खरी असते, इंग्रजीत असते. मी एमआरटीची गाडी पकडून रिकाम्या ऑफिसात जाऊन बसायची.

जपानहून चित्रण सकाळपासूनच यायचं. आम्ही दाखवायचो ते दुपारचं, मोठ्या पहिलवानांचं. सकाळी खालच्या वर्गांच्या कुस्त्या असतात. हे पहिलवान बिनपगारी, तालमीतला स्वयंपाक आणि झाडलोट करणारे. त्यांच्या कुस्त्या बघायला कुणी येत नाही. हजारोंच्या त्या सभागृहात चार म्हातारे आणि एखादी कुणाची तरी आई. पण नाव पुकारणारा माणूस मात्र आखाड्यात उभा राहून, पंखा समोर धरून, प्रत्येकाचं नाव सावकाश, ताल धरून, लांबवून गातो. मोठ्यांचं जसं गातात तसंच. "हि...रु...ने...यामा..." रिकाम्या खुर्च्यांवरून ते नाव फिरून यायचं. मग तो यायचा, गोलमटोल, मान खाली घातलेला, वरच्या वर्गांना असतो तो आखाड्यात मीठ फेकण्याचा मानही नसलेला, आणि बहुतेक वेळा हरून जायचा.

पंधरा दिवसांच्या स्पर्धेत अशांना सातच कुस्त्या मिळतात. चार जिंकल्या तर माणूस वर सरकतो. हिरुनेयामाच्या सहसा तीन व्हायच्या. मी पडद्यासमोर डबा उघडून बसायची आणि तो हरला की म्हणायची, "असू दे बाबा, पुढच्या वेळी." त्या ऑफिसात त्या वेळी दुसरं कुणी नसायचं, म्हणून सांगते आहे. दिवसातलं माझं पहिलं वाक्य मी त्याच्याशी बोलत असे. बऱ्याचदा शेवटचं मराठी वाक्यही तेच.

मग एका कागदावर त्याचं नाव नव्हतं. मी खरोखरच भिंग आणलं. निवृत्तांच्या बातम्यांतही नाव नव्हतं. कागदावरून असं नाव गळतं, तेव्हा पहिलवान एक तर मेलेला असतो किंवा पळालेला. तालमीत फोन करून विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढच्याच वर्षी कंपनीने सुमो बंद केला, आमच्या समोर गरम डोसे मागवून आभाराचं भाषण झालं आणि मी घरी बसले.

घरी बसून दीड-दोन वर्षं झाली असतील, एक दिवस लालवानींचा फोन आला. "मे, एक जापानी फँसा हुआ है तांजोंग पगार में. ओंग का आदमी है. कुछ नाम का लफड़ा है. नाम का लफड़ा तेरे सिवा कौन सुलझाएगा?"

ओंग अंकलची एका ऑफिस इमारतीच्या तळमजल्यावर फूड कोर्टमध्ये जागा होती. आधी तिथे फिशबॉल नूडल्स होत्या, आता त्यांना पहिलवानी जेवण विकायचं होतं. तालमीत मोठ्या भांड्यात भाज्या, मासे, कोंबडी, टोफू असं सगळं एकत्र शिजतं, त्याला चांको म्हणतात. त्यासाठी त्यांनी जपानी आचारी कामाच्या पासवर आणला होता. तो आचारी टेबलाशी हात मांड्यांवर ठेवून बसला होता. अंग उतरलं होतं, केस बारीक कापलेले. पण मान तशीच खाली.

मी जपानीत म्हणाले, "हिरुनेयामा-सान?"

तो असा उठला की खुर्ची पडली. त्याला वाटलं मी तालमीकडून आले आहे.

लफडं असं होतं. ओंग अंकलनी पाटी आधीच करून लावली होती. इंग्रजीत मोठ्ठं 'हिरुनेयामा', बाजूला घोरणारा लठ्ठ पहिलवान. "आंटी, धिस नेम पावरफुल, लाह! पीपल सी, पीपल लाफ, देन पीपल ईट." आणि हा म्हणत होता, पाटी अशीच ठेवाल तर मी पहिल्या विमानाने परत जाईन. नाव माझं नाही, तालमीचं आहे. शेंडी वस्तादांनी कापली असती, तर परवानगी मागायला मला तोंड होतं. मी पळून आलो.

"का पळालात?" मी विचारलं. इतकी वर्षं डबा खात त्याच्याशी बोलल्यावर एवढं विचारायचा हक्क आहे असं मला वाटत होतं.

तो म्हणाला, "माझ्यामागून आलेले सगळे पुढे गेले. मी त्यांचा भात करायचो. एका दुपारी जेवणं झाली, सगळे झोपले. मला झोप येईना. महिनाभर येत नव्हती. ज्याला झोप येत नाही, त्याने ते नाव कुठल्या तोंडाने लावायचं? पिशवी घेतली आणि निघालो."

बाहेर एका न्हाव्याकडे गेला तर न्हाव्याने शेंडी बघून हात जोडले, म्हणाला हे पाप मी करणार नाही. शेवटी स्टेशनच्या संडासात त्याने स्वतःच कात्रीने कापली. वस्तादांना पुन्हा तोंड दाखवलं नाही. पण पाटी बघितल्यापासून त्याला एकच ध्यास लागला होता. ते नाव त्यांच्याकडून मागून घ्यायचं. नोकरीसाठी नव्हे. तेरा-चौदा वर्षं तो त्या नावाने जगला होता, आणि आता त्याला कुणी 'शेफ' म्हणत होतं, कुणी 'जापान बॉय'. फोन मात्र त्याच्याने होईना. मध्यस्थ हवा होता. स्थळ घेऊन जाणाऱ्या माणसासारखी मी गळ्यातली ओढणी नीट केली आणि फोन लावला.

फोन वस्तादांच्या पत्नीने घेतला. तालमीतली पोरं त्यांना 'ओकामिसान' म्हणतात. पोरांची आई, कारभारीण, सगळं त्याच. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही हुंकार दिला नाही, जपानी बाईच्या बाबतीत हे फार भीतीदायक लक्षण. मग म्हणाल्या, "थांबा, विचारते." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, दूर कुठेतरी खोकला ऐकू आला. परत येऊन त्या म्हणाल्या, "केस वाढव आणि ये, म्हणतात. शेंडी मीच कापणार, मग नावाचं बघू."

समोर तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी निरोप सांगितला. त्याने फोनच्या दिशेने, तिथल्या तिथे, कपाळ टेबलाला लागेपर्यंत मान लववली.

ओकामिसान फोनवर अजून होत्या. मला हळूच म्हणाल्या, "त्यांची तब्येत बरी नाही. अर्धांगवायू होऊन गेला. पुन्हा येईल म्हणतात डॉक्टर. त्याला सांगू नका, नाही तर तसाच पळत येईल आणि हे दार उघडणार नाहीत. हट्टी आहेत दोघेही."

शेंडीपुरते केस वाढायला वर्षाच्या वर जातं. सिंगापूरच्या हवेत, वाफाळत्या भांड्यापुढे, डोक्याला जाळी लावून तो केस वाढवत राहिला. ओंग अंकलनी पाटी उतरवली नाही, तिला तपकिरी कागद गुंडाळला. ऑफिसातली पोरं त्या स्टॉलला 'पेपर स्टॉल' म्हणायला लागली. "यू वाँट पेपर स्टॉल ऑर नॉट?" चांको चांगला होता, रांग लागायची. ओंग अंकल मला विचारायचे, "आंटी, हिज हेअर हाऊ?" मी म्हणायची, कानापर्यंत आले. मग, मानेपर्यंत आले. जगात कुणाच्या केसांची अशी चौकशी झाली नसेल.

मी आठवड्यातून एकदा तिथे जेवायला जायची आणि त्याच रात्री ओकामिसानना फोन करायची. दोन्हीकडची खबर मलाच ठाऊक होती. इकडे बोटभर केस वाढले की तिकडे वस्तादांचा एक हात आणखी जड झालेला असे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सुधीर असता तर त्याला सांगितलं असतं, तो म्हणाला असता, "तू कशाला घालून घेतेस अंगावर?" हे वाक्य ऐकायची मला किती गरज होती, हे त्या वर्षी कळलं. घरी आल्यावर मी ते स्वतःलाच एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तसं लागलं नाही.

केस खांद्यापर्यंत आले आणि फोन आला. ओकामिसान म्हणाल्या, "आता घेऊन या."

"अजून शेंडी बसणार नाही."

"घेऊन या," त्या पुन्हा म्हणाल्या.

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्यावर चिडला नाही. भांड्याखालचा गॅस बंद केला, जाळी काढली आणि ओंग अंकलना म्हणाला, "टुडे क्लोज." ओंग अंकलनी त्याचं तिकीट काढलं. माझं मी काढलं. खरं तर मला कुणी बोलावलं नव्हतं, पण विमानतळापर्यंत त्याला सोडायला म्हणून मी जे निघाले, ते पासपोर्ट घेऊनच निघाले.

मोठ्या पहिलवानांची शेंडी सभागृहात, आखाड्यावर कापतात. आखाड्यावर बाईने पाय ठेवायचा नसतो. खालच्यांची कापतात तालमीतच, माडीवरच्या लांब खोलीत. तिथे पोरं जेवतात, तिथेच आडवी होतात. खोलीच्या मध्ये एक खुर्ची मांडली होती. तालमीचा केस बांधणारा म्हातारा त्याच्या डोक्याशी तासभर झटला. सुवासिक मेण फासून, ओढून, दोऱ्याने आवळून शेवटी जी शेंडी झाली ती अर्ध्या लिंबाएवढी. लहान पोरांनी हसू दाबलं. म्हातारा म्हणाला, "हसू नका. मी मोठ्यामोठ्यांच्या बांधल्या, एवढा घाम कुणी काढला नाही."

पद्धत अशी की एकेक पाहुण्याने मागून यायचं, सोनेरी कात्रीने एक-दोन केस कापायचे आणि खांद्यावर हात ठेवून निघायचं. शेवटची कात्री वस्तादांची. पाहुण्यांची नावं पुकारायला सभागृहातला तो निवृत्त पुकारणारा आला होता. तो माझ्याकडे आला आणि अदबीने विचारलं, "आपलं नाव काय पुकारू?"

इतरांच्या नावांवर आयुष्य काढलेल्या बाईला याचं उत्तर चटकन देता आलं नाही. माहेरचं नाव सुनंदा. ते वापरणारे आईवडील गेले. लग्नात सुधीरने ताटातल्या तांदळात अंगठीने मैत्रेयी लिहिलं, आपल्याकडे लिहितात तसं, आणि त्या क्षणापासून मी मैत्रेयी झाले. मलाही पंचविशीत नवीन नाव मिळालं होतं, फक्त मला कुणी आखाड्यात उतरवलं नाही. ऑफिसात त्याचं 'मे' झालं, शेजारी आंटी, मुलाला आई. मैत्रेयी म्हणणारा एकटा सुधीर होता.

मी ते नाव सांगितलं. त्याने दोनदा हळू आवाजात म्हणून बघितलं. मग पंखा समोर धरला, छाती भरून घेतली आणि त्या माडीवर, वीस-पंचवीस माणसांपुढे, माझं नाव लांबवून, ताल धरून गायला. त्याच्या तोंडी ते 'माइतोरेयी' झालं होतं. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं तेव्हा मी उठले. कात्री हातात धरून मी केस कापला की हवा, मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

मग वस्तादांना दोघांनी धरून आणलं. उजवा हात लुळा पडलेला. ओकामिसाननी कात्री त्यांच्या डाव्या हातात दिली आणि वर आपला हात ठेवला. शेंडी कापली गेली. एवढीशी लिंबाची फोड, पण खोलीतून सगळ्यांचा एकदम श्वास सुटला. पायऱ्या उतरताना मोजतात तसे, एकेक करत, वस्तादांनी शब्द काढले.

"केंजी," ते म्हणाले. त्याच्या आईने ठेवलेलं नाव. तालमीत ते कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"केंजी, नवी पोरं येतात ती रडतात. पांघरुणात तोंड घालून, महिनोन् महिने. मला ऐकू येतं. घरून पोर आणल्याचं दर वेळी मला पाप लागतं. तू आलास, जेवलास आणि या भिंतीला टेकून झोपलास. मी तिथे उभा होतो. वाटलं, एक तरी पोर माझ्या घरात निर्धास्त झोपलं. म्हणून ते नाव दिलं."

केंजी खुर्चीतून खाली उतरून जमिनीवर बसला होता. त्याने एवढंच म्हटलं, "मला वाटलं थट्टा आहे."

"लोकांना वाटू दे. नाव दुकानाला दे, जेवायला येतील त्यांना लागू पडेल. तू मात्र आता केंजी. तुझं काम झालं."

मी भिंतीपाशी उभी होते. 'जेवला की आडवा होणारा' हा मी दिलेला अर्थ चुकीचा नव्हता. पण कोशातून आणि फोनवरून काढलेल्या अर्थाची धाव कुठवर असते, हे मला निवृत्त झाल्यावर, त्या माडीवर कळलं.

वस्ताद त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. ओकामिसाननी मला कळवलं, मी केंजीला सांगितलं, त्याने त्या दिवशी स्टॉल बंद ठेवला नाही. उलट दुप्पट शिजवलं आणि उरलेलं इमारतीच्या सफाई कामगारांना वाढलं. पाटीवरचा कागद निघाला आहे. ओंग अंकलनी घोरणारा पहिलवान तेवढा पुसून घेतला, माझ्या सांगण्यावरून. पाटी वाचून लोक हसतात, हसू देत.

आता खरी गंमत सांगते. कुणी नवीन गिऱ्हाईक पाटीवरचं नाव अडखळत मोठ्याने वाचतं, आणि हा भांड्यापाशी पाठमोरा असला तरी ताडकन "हाय!" म्हणून, म्हणजे जपानीत "हो!" म्हणून, ओ देतो. वस्तादांनी सांगितलेलं लक्षात आलं की कानापर्यंत लाल होतो. पण 'केंजी' म्हटलं की ढिम्म. ते नाव आपलं आहे, हे त्याच्या कानांना अजून ठाऊक नाही. ओंग अंकल त्याला 'शेफ' म्हणतात, पोरं 'अंकल' म्हणतात. इथे त्याला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नाही.

परवा मी काउंटरपाशी उभी राहून म्हटलं, "केंजी-सान." त्याने पाहिलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने, लांबवून म्हटलं, तेव्हा रांगेतली सगळी ऑफिसची मंडळी माझ्याकडे बघायला लागली, आणि मग कुठे त्याने दचकून मान वर केली.

म्हणून हल्ली मी रोज यिशुनहून तांजोंग पगारला जाते. काम काही नाही. हाक मारायला जाते.